अठरावं पान

माझी बायको खोटं बोलत नाही. ऐकायला बरं वाटतं, पण अशा बाईबरोबर संसार करून बघा. नवा शर्ट घालून मी विचारलं, "कसा दिसतो?" तर ती मला आधी खिडकीपाशी उजेडात उभं करते, मग मागून बघते आणि म्हणते, "खांद्यात बरा आहे. पोटावर नाही." असल्या बाईने युनियन काढायला घेतली म्हटल्यावर मी कपाळाला हातच लावला. मी एकोणीस वर्षं बस चालवतोय आणि त्यातली चौदा वर्षं डेपोच्या युनियनचा सभासद आहे. तिथे असलं उजेडात उभं करणं चालत नाही.

ती विद्यापीठात पीएचडी करते, शेवाळावर. हो हो, तेच शेवाळ, भिंतीवर येतं ते. लोक ते खरवडून काढतात आणि आमच्या बाईसाहेब ते काचेच्या पेटीत लावून रोज त्यावर पाणी फवारतात. आमची ओळखसुद्धा त्यातूनच झाली. माझ्या बसने ती शेवटच्या थांब्यापर्यंत यायची. एकदा सीटवर शेवाळाची बरणी विसरून गेली. मी ती तीन दिवस डेपोतल्या माझ्या कपाटावर ठेवली आणि बिचारं सुकेल म्हणून त्यात रोज पेलाभर पाणी ओतलं. ती न्यायला आली, बरणी हलवून बघितली आणि म्हणाली, "पाणी जास्त झालं." ना थँक्यू, ना काही. मी मात्र तिथेच खलास झालो.

आता तिचं काम ऐका. आठवड्याला चार वर्गांची प्रात्यक्षिकं घ्यायची, त्यांच्या वह्या तपासायच्या, परीक्षेला पहारा करायचा, आणि सुट्टीच्या दिवशी पेटीचं यंत्र बंद पडलं तर धावत जायचं. एवढं करून महिन्याला जे हातात पडतं त्याला पगार म्हणायचं नाही, विद्यावेतन म्हणायचं. का? तर ती कामगार नाही, विद्यार्थिनी आहे. कामगार नाही म्हणून रजा नाही. उलट नियम असा, की सलग पंधरा दिवस गैरहजर राहिलं की विद्यावेतन बंद आणि पटावरून नाव कमी, मग कारण काहीही असो. आणि त्यातच हिला दिवस गेले.

"पंधरा दिवसांत बाळंतीण नीट उभी तरी राहते का?" माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती. "पोरं शिकवतेस, वह्या तपासतेस, वर ती हिरवी लादी जगवतेस. तू कामगार नाहीस तर कोण आहेस, भिंतीवरचं कॅलेंडर?"

"ओरडू नकोस, वरच्या काकूंना ऐकू जातं," ती म्हणाली. मग पोटावर हात ठेवून शांतपणे म्हणाली, "पाच वर्षं झाली. एक उरलंय. नाव कमी झालं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. तेवढं माझ्याच्याने होणार नाही. मी सोडून देईन."

दुसरी कुणी बोलली असती तर म्हटलं असतं, रागात बोलतेय, होईल शांत. पण ही बोलली म्हणजे तसंच होणार.

सहाशे संशोधक विद्यार्थ्यांपैकी साडेचारशे जणांनी युनियनसाठी सह्या केल्या, मग मतदान झालं, आणि बरेच आढेवेढे घेऊन विद्यापीठ एकदाचं बोलणी करायला तयार झालं. मागण्यांमधला बाळंतपणाच्या रजेचा भाग हिच्याकडे आला. डॉक्टरांनी तिला जिने चढायला मनाई केली होती, म्हणून समितीच्या बैठका आमच्याकडे, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत भरायला लागल्या.

काय ती बैठक! आमच्या डेपोत युनियनचे पुढारी अण्णा जुन्या टायरवर उभे राहतात, तीन वाक्यं बोलतात, हात वर होतात आणि माणसं गाड्या काढायला जातात. इथे सात जण माझ्या पलंगावर मांडी घालून बसायचे आणि एका वाक्यात 'सर्व' लिहायचं की 'बहुतेक सर्व', यावर माझा दोनदा चहा व्हायचा. त्यांच्यात संख्याशास्त्राचा एक पोरगा होता, त्याला मी आकडेमास्तर म्हणायचो. एक तत्त्वज्ञानवाला होता, त्याचं नाव दाढी. ही दोघं एकमेकांचं लिखाण घरी नेऊन तपासायची आणि समासात शेरे मारून परत आणायची. मसुदा एक्केचाळिसावा चालला होता.

एकदा माझ्याने राहवलं नाही. "अरे, मागणी म्हणजे मागणी," मी म्हटलं. "दहा मागा, ते चार म्हणतील, सातवर हात मिळवा. सोपं आहे."

आकडेमास्तर वही उघडून म्हणाला, "दादा, दहाला आधार काय?"

"आधार? माझं डोकं!"

दाढीने ते खरंच लिहून घेतलं. पोरं गुणी हो, पण व्यवहाराच्या नावाने बोंब. मला त्यांचा रागही यायचा आणि मायाही यायची. आकडेमास्तर जाताना सगळ्यांचे कप विसळून ठेवायचा, आणि एकही कधी हिला उठू द्यायचा नाही.

आता सरांबद्दल सांगायला हवं. सर म्हणजे हिचे मार्गदर्शक. पासष्टीला टेकलेला, किडकिडीत, खिशाला कायम लाल पेन लावलेला माणूस. हिचे वडील लवकर गेले, त्यामुळे आमच्या लग्नात मुलीकडून उभे राहिले ते सरच. तेव्हापासून मला जावईबापू म्हणतात. पहिल्या वर्षी हिने लिहिलेलं पहिलं टिपण त्यांनी परत केलं आणि कोपऱ्यात लाल पेनाने दोनच शब्द लिहिले, 'मर्यादा कुठे?' म्हणजे आपण जे शोधलं त्यात काय कच्चं राहिलं, काय कळलं नाही, ते आपणच आधी सांगायचं. दुसऱ्याने दाखवायची वाट बघायची नाही. तो कागद हिने कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवलाय. साडी काढताना रोज दिसतो.

आणि बोलण्यांसाठी विद्यापीठाने आपल्या बाजूने कुणाला बसवावं? कुलसचिव, एक वकीलबाई आणि सर. सर्वांत ज्येष्ठ म्हणून. हिने ते ऐकलं आणि अर्धी पोळी ताटात टाकून उठली.

"सर नाही म्हणू शकले असते," मी म्हटलं.

"त्यांनी मला फोन केला होता. म्हणाले, मी त्या बाजूला बसणार आहे, तू तुझं काम चोख कर."

"आणि तू काय म्हणालीस?"

"बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?"

विद्यापीठाचं म्हणणं सरळ होतं. गेल्या तीस वर्षांत बाळंतपणामुळे कुणी पीएचडी सोडल्याची आमच्याकडे एकही नोंद नाही. मग रजेचा नियम कशाला? नोंदवह्या दाखवायला तर ते तयार नव्हते. तेव्हा हिने काय करावं? विद्यापीठाच्या व्हरांड्यांत दर वर्षीचे फोटो लावलेले असतात, प्रत्येक विभागाचे, रांगेत उभे राहून काढलेले. ही ते फोटो बघत फिरायला लागली. जी बाई एका वर्षीच्या फोटोत आहे, पुढच्या वर्षीच्या नाही, आणि जिचा प्रबंधही ग्रंथालयात नाही, तिच्यावर खूण. जिने चढणं वर्ज्य म्हणून वरच्या मजल्यांवर आकडेमास्तर मोबाइलने फोटो काढून आणायचा आणि ही उशीला टेकून ते मोठे करून चेहरे लावायची. मग जुन्या शिपायांना विचार, ग्रंथपालांना विचार, फोन लाव. अकरा जणी सापडल्या. अकरांपैकी अकरा जणींनी सांगितलं, मूल झालं आणि नाव गेलं. एक तर फोनवर रडली म्हणे, आणि मग तिने विचारलं, "माझा फोटो अजून आहे का तिथे?"

बोलण्यांच्या आदल्या दिवशी मसुदा तयार झाला. पंचवीस पानं. माझी सकाळची पाळी दुपारी संपते, म्हणून चाळीस झेरॉक्स काढून आणायचं काम माझ्याकडे आलं. दुकानात पुढे दोन गिऱ्हाइकं होती. उभ्याउभ्या मी वाचायला लागलो. वाचता वाचता छाती फुगली. वाह रे माझी वाघीण! आणि मग आलं अठरावं पान. वर मोठ्या अक्षरात मथळा, 'मर्यादा'.

एक : सहाशेंपैकी फक्त दोनशे बारा विद्यार्थ्यांनी आमच्या प्रश्नांना उत्तरं दिली, त्यामुळे हे सर्वांचं मत समजू नये. तिसरा मुद्दा तर कहरच : पाहणी करणारी स्वतः गरोदर आहे, या मागणीत तिचा स्वार्थ आहे, हे वाचणाऱ्याने ध्यानात घ्यावं.

दुसरा मुद्दा मी नीट वाचलाच नाही. इतका घाम फुटला होता. अहो, आपल्याच पायावर आपण होऊन कुऱ्हाड कोण मारून घेतं? अण्णा काय म्हणतात? झाकली मूठ सव्वा लाखाची! ती वकीलबाई एवढं एकच पान घेऊन हिला फाडून खाईल, आणि मग पंधरा दिवस, आणि मग हिचं नाव जाणार. माझ्या डोळ्यांपुढे ती शेवाळाची पेटी आली, वाळलेली. मी अठरावं पान काढलं, घडी घातली, शर्टाच्या खिशात ड्यूटी-कार्डाच्या मागे ठेवलं आणि दुकानदाराला म्हटलं, "चोवीस पानं, चाळीस प्रती."

मूळ कागद मी हिच्या पिशवीत परत ठेवले. तिने ते पुन्हा बघितले नाहीत. बघायचं कशाला? आणायला मी गेलो होतो ना.

दुसऱ्या दिवशी गणवेशातच तिला घेऊन गेलो. तिला पाठीला उशी लागायची, ती माझ्या काखेत. लांबलचक टेबल, अलीकडे आमची पोरं, पलीकडे ती तिघं. बोलणी बघायला कुणालाही बसता येत होतं, म्हणून मी मागच्या भिंतीपाशी खुर्ची धरली. सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. जावईबापू म्हणाले नाहीत. कसे म्हणणार!

हिने मांडणी सुरू केली. काय बोलली हो! आवाज चढला नाही की पडला नाही. फोटो, चेहरे, अकरा फोन. कुलसचिवांनी चष्मा काढून पुसला. वकीलबाई लिहून घ्यायच्या थांबल्या. मी मनात म्हटलं, मार लिया मैदान. कुणालाच पानाची आठवण नाही.

तेवढ्यात सरांनी मसुदा मागून पुढे आणि पुढून मागे चाळला. लाल पेन हातात होतंच.

"पोरी," ते म्हणाले, "मर्यादा कुठे?"

वकीलबाईंनी चमकून त्यांच्याकडे बघितलं. मला वाटतं, सरांनी ते मुद्दाम विचारलं नाही. पाच वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं.

"अठराव्या पानावर, सर," ही म्हणाली. तिने पान उलटलं. सतरा. मग एकोणीस. तिने मूळ कागद काढले. त्यातही तेच. टेबलभर कागदांची सळसळ झाली.

"सतरानंतर एकदम एकोणीस," वकीलबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता गोड झाला होता. "काय आहे, गैरसोयीचं पान काढून टाकलंय वाटतं? मग बाकीच्या चोवीस पानांवर आम्ही किती विश्वास ठेवायचा?"

आकडेमास्तर पांढराफटक पडला. आणि ही हळूच वळली आणि तिने थेट माझ्याकडे बघितलं. उजेडात उभं करून बघते ना, तसं.

मी आयुष्यात ब्रेक निकामी झालेली बस उतारावर आवरली आहे. ते यापेक्षा सोपं होतं. उठून उभा राहिलो.

"पान माझ्याकडे आहे," मी म्हटलं. "तिला माहीत नाही. मी काढलं."

"बघायला आलेल्यांनी बोलायचं नाही," वकीलबाई म्हणाल्या.

"येऊ द्या त्यांना," सर म्हणाले. "पान तर आणून देतील ना?"

भिंतीपासून टेबलापर्यंत पंधरा पावलं असतील. मला वाटलं भुई दुभंगावी आणि मी आत जावं. खिशातून घडी काढून तिच्यापुढे ठेवली. घामाने ओला झालेला कागद तिने तळहाताने सपाट केला, उठून उभी राहिली आणि मोठ्याने वाचायला लागली.

पहिला मुद्दा झाला. वकीलबाईंनी हसून काहीतरी टिपलं. मग ती दुसऱ्यावर आली, मी दुकानात न वाचलेल्या.

"दोन. अकरा हा आकडा खरा नाही. तो कमी आहे. फोटोंत अशा आणखी तेवीस जणी आहेत, ज्यांचा शोध आम्हाला लागला नाही. त्या कुठे गेल्या, का गेल्या, कुणालाच सांगता आलं नाही. बऱ्याच जणींचं नावही कुणाला आठवलं नाही. त्यांना आम्ही कुठल्याच हिशोबात धरलेलं नाही. त्या आमच्याकडून राहिल्या आहेत."

तिने तिसरा मुद्दाही वाचला, पोटावर हात ठेवून, आणि खाली बसली.

कुलसचिव घसा खाकरून म्हणाले, "पण आमच्या नोंदीत... म्हणजे मी पाहिलंय... सोडून गेलेल्यांचं कारण 'वैयक्तिक' असंच आहे."

"वनस्पतिशास्त्र विभाग, तिसरा मजला," सर एकदम म्हणाले. ते कुणाकडेच बघत नव्हते. "जिन्याशेजारचा फोटो. मागच्या रांगेत डावीकडून दुसरी, वेणी पुढे घेतलेली. ती तुझ्या तेवीसमध्ये आहे का?"

"आहे, सर," ही म्हणाली. "तिचं नाव कुणाला आठवेना. तुम्हाला विचारावंसं वाटलं होतं. पण तुम्ही त्या बाजूला होता."

"मला आठवतं." सरांनी नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. "माझी पहिली विद्यार्थिनी. बावीस दिवसांचं बाळ घेऊन सही करायला आली होती. कारणाच्या रकान्यात काय लिहू म्हणून तिने मला विचारलं. बाळ रडत होतं, तिला पेन धरता येईना. मीच तिच्या हातातलं पेन घेतलं आणि 'वैयक्तिक' लिहिलं." मग कुलसचिवांकडे वळून म्हणाले, "नोंदवही मागवा. अक्षर माझं आहे."

सरांनी हिच्याकडे बघितलं. "अकराचे बारा कर, पोरी," ते म्हणाले. "आणि तेवीसचे बावीस."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आणि तशातच बाईसाहेबांनी पेन उघडलं, अठराव्या पानावर अकरा खोडून बारा केले, तेवीस खोडून बावीस केले, आणि बाजूला तारीख घालून सही केली.

त्या दिवशी बोलणी तिथेच थांबली. पुढच्या आठवड्यात नोंदवह्या बाहेर निघाल्या. त्यानंतर आणखी दोनदा बसले, आणि ठरलं, की पाच महिन्यांची रजा, विद्यावेतन चालू आणि पटावर नाव कायम. बाकीच्या मागण्यांत पोरांनी दहाला चार घेतले का सात, ते मी विचारलं नाही. दाढीने मात्र सांगितलं, "दादा, तुमचं डोकं आधार म्हणून कामाला आलं नाही."

पण त्या दिवशी घरी येताना काय झालं ते सांगायचं राहिलं. बसने आलो, मागच्या सीटवर, चालवायला दुसराच कुणी होता. ती खिडकीबाहेर बघत होती. पाच थांबे गेले. मला वाटलं, संपलं, आता ही माझ्याशी आयुष्यभर खरं तेच बोलत राहील, पण प्रेमाने नाही.

"मी घाबरलो होतो," मी म्हटलं. "तुझं नाव जाईल म्हणून. अक्कल गहाण पडली माझी."

"माहीत आहे."

"चूक झाली."

"झाली," ती म्हणाली. तिला समजूत घालायला खोटं बोलता येत नाही, म्हटलं ना. मग थोड्या वेळाने माझ्या हातातली उशी घेऊन तिने पाठीला लावली, डोकं माझ्या खांद्यावर टेकलं आणि म्हणाली, "तू नेहमी पाणी जास्तच घालतोस."

मुलगी झाली. नव्या नियमाखालचा पहिलाच अर्ज हिचा होता, तीन पानी. हिने तो दवाखान्यातल्या खाटेवर बसून भरला, कारणाच्या रकान्यात ठळक अक्षरांत 'बाळंतपण' लिहिलं आणि माझ्याकडे दिला. दुसऱ्या कुणाकडे नाही, माझ्याकडेच.

विद्यापीठाच्या खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज बघितला. "या रकान्यात सगळे 'वैयक्तिक' लिहितात," तो म्हणाला.

"लिहायचे," मी म्हटलं. "तीन पानं आहेत, मोजून घ्या."

"असतील हो."

"नाही, मोजा," मी म्हटलं, आणि तो तीनपर्यंत मोजेस्तोवर खिडकीपासून हललो नाही.